पाचपैकी चार

एमआरआयचा रिपोर्ट कुणी पहिल्या ओळीपासून वाचत नाही. पाकिटातून कागद निघाला की नजर थेट तळाशी जाते, जिथे ठळक अक्षरांत निष्कर्ष छापलेला असतो. माझ्या रिपोर्टमध्ये तिथे लिहिलं होतं: प्रोस्टेटच्या उजव्या बाजूला, पेरिफेरल झोनमध्ये ११ मिलिमीटरची संशयास्पद जागा, पाय-रॅड्स ४. शाळेपासून पाचपैकी चार मिळाले की बरं वाटायची सवय. इथे चार म्हणजे किती वाईट, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. रिपोर्ट देणारी मुलगी पुढच्या माणसाचं नाव पुकारत होती.

संध्याकाळपर्यंत बातमी नातेवाइकांत पोहोचली. थोरल्या बहिणीचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलून झालं, मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “अरे, चौथी म्हणजे शेवटचीच ना?” चार म्हणजे चौथी स्टेज, असा तिचा समज झाला होता. “ताई, तसं नाही,” एवढंच मी म्हणालो. तसं नाही तर मग कसं, हे मलाही अजून नीट कळायचं होतं.

हा घोळ सर्रास होतो, म्हणून आधी तोच निस्तरतो. कॅन्सर किती पसरलाय हे पाय-रॅड्स सांगत नाही. मुळात कॅन्सर आहेच, असंही तो आकडा म्हणत नाही. युरोपातल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या संघटनेने २०१२ मध्ये ही पद्धत काढली, २०१५ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या सोबतीने ती सुधारली आणि २०१९ मध्ये तिची पुन्हा डागडुजी झाली. एका डॉक्टरला चित्रात जे दिसलं ते दुसऱ्या डॉक्टरला नेमकं कळावं, एवढाच तिचा उद्देश. १ म्हणजे उपद्रवी कॅन्सर असण्याची शक्यता अगदी कमी, ५ म्हणजे फार जास्त आणि ३ म्हणजे काही सांगता येत नाही. चार आणि पाचमधला फरक बऱ्याचदा फक्त आकाराचा असतो. माझी तीच जागा दीड सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी भरली असती, तर मला पाच मिळाले असते. थोडक्यात, संशय किती घ्यायचा याचा तो आकडा आहे. लिहिलेला असतो डॉक्टरने डॉक्टरसाठी, आणि हल्ली येऊन पडतो आधी आपल्या मोबाइलवर.

सुरुवात झाली होती ती पीएसए नावाच्या रक्ताच्या तपासणीपासून. वयाची साठी उलटल्यावर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यायचं, त्या यादीत हीही तपासणी होती. आकडा वाढलेला आला, ६.८. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तो पाहून भुवई वगैरे काही उंचावली नाही. लघवीत जळजळ होते का, नुकताच ताप येऊन गेला का, प्रोस्टेटची कुठली गोळी चालू आहे का, असं सगळं विचारलं. लघवीची तपासणी करायला लावली आणि काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा म्हणाले. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन आहे. कॅन्सरमुळे ते रक्तात वाढतं, तसंच जंतुसंसर्गाने वाढतं, वयानुसार ग्रंथी मोठी झाल्यानेही वाढतं. उलट, ग्रंथी लहान करणाऱ्या फिनास्टेराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर तोच आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देतो. प्रोस्टेटमधल्या अशा प्रतिजनाचा शोध १९७० मध्ये जाहीर करणारे रिचर्ड अॅब्लिन यांनीच पुढे या चाचणीच्या सरसकट वापराला जाहीर विरोध केला. मला वाटतं त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चाचणी वाईट नाही. तिच्यामागून जी धावपळ सुरू होते, ती पुष्कळदा वाईट असते.

दुसऱ्यांदाही आकडा तेवढाच आला. मग गुदद्वारातून बोटाने तपासणी. या तपासणीला पुरुष जेवढं टाळतात तेवढं बहुधा दुसऱ्या कशालाच टाळत नसतील. मिनिटभरही लागत नाही, आणि बोटाला लागणारा टणकपणा कधीकधी रक्ताच्या आकड्याआधीच काहीतरी सांगून जातो. माझ्या बाबतीत बोटाला काही लागलं नाही. म्हणून एमआरआय, आणि म्हणून ते चार.

रिपोर्टच्या वरच्या भागात, जो कुणी वाचत नाही, एक कामाचा आकडा होता. ग्रंथीचं आकारमान ५२ घन सेंटीमीटर. ६.८ ला ५२ ने भागलं की ०.१३ येतं. याला पीएसए डेन्सिटी म्हणतात. ग्रंथीच मोठी असेल तर थोडा जास्त पीएसए तिच्या नावावर खपून जातो, पण लहानशा ग्रंथीतून तेवढाच पीएसए येत असेल तर डॉक्टर सावध होतात. ०.१५ ही रेघ बरेच डॉक्टर डोक्यात ठेवतात. मी रेघेच्या अलीकडे होतो. पाय-रॅड्स ३ असता तर एवढ्यावर कदाचित थांबून वाट पाहता आली असती. ४ असल्यावर बायॉप्सी टाळण्यात शहाणपण नव्हतं, हे युरोलॉजिस्टनी स्पष्ट सांगितलं. मला ते पटलं.

मधल्या दिवसांबद्दल काय सांगू? दिवसा बरं असायचं. रात्री लघवीला उठायचो, तशी ती सवय जुनीच, पण आता परत येऊन पडलं की झोप लागायची नाही. अंधारात मोबाइल उघडायचा आणि वाचत सुटायचं. ज्याचं नाव ऐकलं नव्हतं तो अवयव आता दिवसरात्र शरीरात जाणवायला लागला होता. प्रत्यक्षात काहीच दुखत नव्हतं. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुधा लक्षणंच नसतात आणि लघवीचा जो त्रास असतो तो बऱ्याचदा नुसत्या वाढलेल्या ग्रंथीचा असतो, हे मला तोवर पाठ झालं होतं. पण पाठ असणं वेगळं. पाठीत उसण भरली तरी ‘हाडांत गेलं की काय’ हाच पहिला विचार.

बायकोने यावर उपाय काढला. एक दोनशे पानी वही आणली, डाव्या पानावर प्रश्न आणि उजव्या पानावर उत्तर. “रात्री जे सुचेल ते मोबाइलला विचारू नका, यात लिहा. डॉक्टरांना विचारू,” ती म्हणाली. सगळे कागद तारखेनुसार लावून तिने एक फाइलही केली. एकदा वही चाळताना माझ्या प्रश्नांच्या खाली तिच्या अक्षरात एक ओळ दिसली: ‘ऑपरेशननंतर आमच्या दोघांचं काय, हे विचारायचं.’ खाली दोन रेघा मारून अधोरेखित केलेलं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही या विषयावर सरळ शब्दांत कधी बोललो नव्हतो. ती ओळ तिथे होती म्हणूनच नंतर मला डॉक्टरांसमोर तोंड उघडता आलं. किती पुरुष हा प्रश्न न विचारताच सही करून मोकळे होत असतील, कुणास ठाऊक.

बायॉप्सीची भीती मात्र अवाजवी ठरली. पूर्वी ती गुदद्वारातून सुई घालून करायचे, अजूनही बऱ्याच ठिकाणी तशीच करतात. माझी केली ती अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतून, ती जागा बधिर करून. या मार्गाने जंतुसंसर्गाचा धोका कमी असतो. भूल देणारं इंजेक्शन चांगलंच झोंबलं. बाकी लक्षात राहिला तो आवाज, स्टेपलर दाबल्यासारखा खट्. प्रत्येक ‘खट्’ आधी डॉक्टर म्हणायचे, “आवाज येईल हं.” काही तुकडे एमआरआयने दाखवलेल्या जागेतून, काही उरलेल्या ग्रंथीतून ठरावीक अंतरावर. नंतर काही दिवस लघवीतून रक्त गेलं. वीर्यातून कित्येक आठवडे जाऊ शकतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस हबकून पुन्हा हॉस्पिटल गाठेल, म्हणून इथे लिहून टाकलं.

पूर्वी एमआरआय न करताच, आंधळेपणाने ग्रंथीत सुया टोचायचे. शितावरून भाताची परीक्षा खरी, पण ती सगळं भांडं सारखं शिजलेलं असेल तर. प्रोस्टेटमध्ये एका कोपऱ्यात कॅन्सर आणि वितभर कसलं, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर सगळं निरोगी, असं सहज असतं. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासात (तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला) या जुन्या पद्धतीने उपद्रवी कॅन्सरपैकी निम्मेसुद्धा सापडले नव्हते, एमआरआयने ९३ टक्के हेरले. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू रिपोर्ट हातात धरून बसलेल्या माणसाला जास्त कामाची आहे. उपद्रवी कॅन्सर नसलेल्यांपैकीही निम्म्याहून अधिक जणांवर एमआरआयने संशय घेतला होता. यंत्र संशय घेण्यात पटाईत आहे. निकाल लागतो तो सूक्ष्मदर्शकाखाली.

तो निकाल आला: ग्लीसन ३ + ४ = ७. आता दहापैकी सात! डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टने १९६० च्या दशकात मिनिआपोलिसमध्ये ही मोजणी बसवली. पेशींची रचना किती बिघडली त्याला एक ते पाच अंक, आणि सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन नमुन्यांची बेरीज. पण बायॉप्सीत सहाच्या खालचे आकडे आता जवळजवळ कुणी देतच नाही. त्यामुळे सर्वांत सौम्य कॅन्सरच्या माणसालाही ‘दहापैकी सहा’ ऐकावं लागतं आणि त्याचं धाबं दणाणतं. म्हणून २०१४ मध्ये तज्ज्ञांनी एक ते पाच असे सरळ गट मान्य केले. माझा गट दुसरा. ४ + ३ ची बेरीजही सातच, पण तो गट तिसरा आणि आजार जास्त आक्रमक. बेरजेपेक्षा आधी कुठला अंक आहे ते महत्त्वाचं.

ज्या हॉस्पिटलमध्ये बायॉप्सी केली तिथले सर्जन मनमोकळे होते. चित्र काढून ग्रंथी कुठे असते ते दाखवलं, रोबो कसा काम करतो ते सांगितलं आणि म्हणाले, “काढून टाकू. डोक्याला ताप नको.” पुढच्या आठवड्यातली तारीखही सुचवली. रेडिएशनचं विचारलं तर म्हणाले, “ते कशाला? तुम्ही फिट आहात.” दोन्ही शब्द ऐकायला गोड होते, काढून टाकू आणि फिट. खरं सांगतो, मला तिथेच सही करावीशी वाटली. शरीरात कॅन्सर आहे हे कळल्यावर पहिली इच्छा तो बाहेर फेकून देण्याची असते, उपचार निवडण्याची नव्हे. बायकोने वही उघडली आणि अधोरेखित प्रश्न विचारला. सर्जन हसून म्हणाले, “आधी जीव, मग बाकीचं.” वहीच्या उजव्या पानावर तिने हे जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाली, “हे उत्तर नाही झालं.”

त्या सर्जनवर माझा राग नाही. हातात जे कौशल्य आहे त्यावर विश्वास असणं स्वाभाविक आहे, आणि रेडिएशनवाले रेडिएशनकडे झुकतात तेही तेवढंच स्वाभाविक. राग आहे तो घाईवर. हाडं, रक्त, रिपोर्ट सगळं पाहून जिथे ‘आजार ग्रंथीतच आहे आणि मध्यम जोखमीचा आहे’ असं दिसतंय, तिथे दुसरं मत घ्यायला लागणाऱ्या काही आठवड्यांनी सहसा काही बिघडत नाही. हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलं नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना फक्त फाइल नेऊन भागत नाही. बायॉप्सीच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणात बसवलेले ब्लॉक हॉस्पिटलकडून मागून घेता येतात, एमआरआयची सीडी मागता येते. मागायला संकोच वाटतो, डॉक्टरांना राग येईल असं वाटतं. काउंटरवरच्या माणसाने एक फॉर्म भरून घेतला आणि स्लाइड्स दिल्या, इतकं साधं होतं ते. ज्या कॅन्सर सेंटरमध्ये आम्ही गेलो तिथे युरोलॉजिस्ट, रेडिएशनवाले, रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून केस पाहतात. तिथल्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी स्लाइड्स पुन्हा वाचल्या. ग्लीसन तोच, ३ + ४. पण चारचा वाटा जेमतेम ५ टक्के, आणि चारमधला जो क्रिब्रिफॉर्म नावाचा जास्त वाईट नमुना असतो तो कुठेच नाही. पहिल्या रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलेलं नव्हतं. एवढ्या दोन वाक्यांनी माझ्यापुढे तिसरा रस्ता उघडला: सध्या काहीच न करता कडक लक्ष ठेवायचं. अॅक्टिव्ह सर्व्हेलन्स.

तिथल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही, गोडही बोलल्या नाहीत. ऑपरेशननंतर लघवी गळू शकते, बहुतेकांची महिन्यांनी सुधारते, काहींना पॅड कायमचं लागतं. ताठरतेच्या नसा ग्रंथीला चिकटून जातात. १९८२ मध्ये पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवून ऑपरेशन करून दाखवलं, पण वाचवल्या तरी पूर्ववत होण्याची हमी कुणी देऊ शकत नाही. रेडिएशनमध्ये लघवी बरीचशी सांभाळली जाते, पण शौचाच्या तक्रारी उद्भवू शकतात. बायको भराभर लिहीत होती. या वेळी उजवं पान पुरलं नाही.

मग त्यांनी प्रोटेक्ट या अभ्यासाबद्दल सांगितलं. ब्रिटनमध्ये १६४३ पुरुष, आजार ग्रंथीपुरता, तीन गट: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसतं लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले. तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरने दगावणारे शंभरात तीनच्या आसपास. माझा जीव भांड्यात पडतोय तोच त्या म्हणाल्या, “थांबा, पुढचं ऐका.” नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात आजार दूरवर पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, ऑपरेशनच्या गटात ४.७ टक्के. शिवाय लक्ष ठेवलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. त्या वेळी लक्ष ठेवणं म्हणजे मुख्यतः पीएसए, एमआरआय नव्हता, हेही त्यांनी जोडलं. “म्हणजे नक्की काय करू?” मी विचारलं. “तुम्हाला कशासोबत जगणं सोपं जाईल? ऑपरेशनच्या परिणामांसोबत की आत काहीतरी आहे या जाणिवेसोबत? हे मी नाही ठरवू शकत.”

निवड हातात येणं किती जड असतं ते त्या दिवशी कळलं. पहिल्या सर्जनची तारीख स्वीकारणं त्या मानाने किती सोपं होतं!

मी लक्ष ठेवण्याचा रस्ता घेतला. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय आणि लागेल तेव्हा पुन्हा बायॉप्सी. सुया चुकल्या की सुटलो असं यात नाही, उलट तारखा काटेकोर पाळल्या तरच याला अर्थ आहे. कुणी ‘तुम्ही केलंत तर मीही थांबतो’ म्हटलं तर मी आधी हात जोडतो. त्याच सेंटरच्या वेटिंग हॉलमध्ये एक गृहस्थ भेटायचे. त्यांचाही पाय-रॅड्स ४, जागा माझ्यापेक्षा लहान. बायॉप्सीत निघालं ४ + ४. आजार अंगात आणखी कुठे पसरलाय का ते पाहणारा पीएसएमए पेट स्कॅन झाला, रेडिएशन सुरू झालं आणि सोबत हार्मोनची इंजेक्शनं. भर एसीत घामाघूम होऊन रुमाल शोधताना एकदा म्हणाले, “पाळी जाताना बायकोला हे व्हायचं तेव्हा मी पंखा बंद करायचो. आता सगळं व्याजासकट परत मिळतंय.” त्यांनी थांबायचं ठरवलं असतं तर ती घोडचूक ठरली असती. आणि तिसरे एक, त्यांचाही ४, त्यांच्या सगळ्या तुकड्यांत निघाली नुसती जुनाट सूज. तिघांच्या रिपोर्टवर एकच आकडा.

सर्व्हेलन्समध्ये सवय होते का? होते, आणि तारीख जवळ आली की मोडते. पीएसएच्या आधीचा आठवडा मी चिडचिडा असतो, हे घरात सगळ्यांनी मान्य केलंय. बाकी दिवस बरे जातात. मोबाइलवरचं रात्रीचं वाचन बंद झालं, कारण प्रश्न वहीत जातो आणि तिथे शांत पडून राहतो.

एक काम मात्र अजून उरलंय. सख्ख्या भावाला हा आजार असेल तर आपल्याला होण्याची शक्यता साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, हे कळल्यापासून मी धाकट्या भावाच्या मागे लागलोय. तो पन्नाशी ओलांडलेला, तब्येतीने उत्तम. “दादा, मला कुठे काय त्रास आहे?” हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्रास नसतो तेव्हाच तपासायचं असतं, हे सांगून झालं. आकडा वाढलेला आला तर पुढे काय काय होईल आणि काय काय होणार नाही, तेही सांगून झालं. परवा म्हणाला, “ते बोटाचं पण करतात का?” मी म्हटलं, “करतात.” तेव्हापासून तो फोन उचलत नाहीये. रविवारी त्याच्या घरी जाणार आहे, वही घेऊन.